खाज आज सुटली असेल, तर परवाचा दिवस आठवा

वाचक भगिनीचं पत्र:

डॉक्टर मॅडम, मी सेलू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. वय ३६. तीन वर्षांपासून अंगाची आग होते. पापण्या सुजतात, मान आणि कोपराच्या आतली घडी लाल होऊन खाजते. उन्हात जास्तच. दसऱ्याच्या सुमाराला दरवर्षी डोळे उघडत नाहीत इतकी सूज येते. रक्ताची अॅलर्जीची तपासणी केली. त्यात शेंगदाणे, वांगं, मसूर, दही, गहू अशी २६ नावं आली. सगळं सोडलं. वजन ९ किलो उतरलं, खाज आहे तशीच आहे. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली की दोन दिवस बरं वाटतं. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला बहिणीकडे पंधरा दिवस होते, तिथं त्रास निम्म्यावर आला. परत आले की आठवड्याभरात पुन्हा तेच. लहानपणी टाचेला बिब्बा घातला होता तो उतला होता, त्याचा काही संबंध असेल का? सासूबाई म्हणतात उष्णता आहे, मालक म्हणतात मनाचं आहे. शाळेत आता कुणी माझ्या डब्याला हात लावत नाही. निदान कारण तरी कळावं.

उत्तर:

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या डब्याच्या वाक्याशी अडखळले. म्हणून आधी तेच घेते. तुम्ही लिहिलाय तसला त्रास एकाचा दुसऱ्याला होत नाही. आपल्याकडे पसरणारी खाज म्हणजे मुख्यतः खरूज. ती असती तर रात्री अंथरुणात पडल्यावर खाज वाढली असती, बोटांच्या बेचक्यांत पुरळ दिसलं असतं आणि तीन वर्षांत घरातलं आणखी कुणीतरी तुमच्यासोबत खाजवत बसलं असतं. राहिली दुसरी शंका, जी लोक तोंडावर बोलत नाहीत पण डबा मात्र बाजूला सरकवतात. कुष्ठरोगाच्या चट्ट्याला सहसा खाज नसते, उलट तिथला स्पर्शच कळेनासा होतो. तो आजारसुद्धा कुणाचा डबा खाऊन होत नाही आणि त्याची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. तुमच्या शाळेतल्या बायांना हे वाचून दाखवायला माझी हरकत नाही.

आता त्या २६ नावांचं. अॅलर्जी या एका शब्दाखाली आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी घालतो. एक झटपट येते. पदार्थ खाल्ला की काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत अंगावर पित्त उठतं, गांध्या येतात, ओठ सुजतात. रक्ताची ती तपासणी या पहिल्या प्रकारासाठी असते, आणि त्यातसुद्धा रिपोर्टात नाव आलं म्हणजे तो पदार्थ बाधतोच असं नाही. वर्षानुवर्षं बिनघोर शेंगदाणे खाणाऱ्याच्या रिपोर्टातही शेंगदाणा येऊ शकतो. दुसरी अॅलर्जी सावकाश येते. कातडीला काहीतरी लागतं, शरीरातल्या पेशी ते ओळखतात, जमा होतात, आणि एक ते तीन दिवसांनी लाली, आग, खाज सुरू होते. तुमच्या पत्रातलं वर्णन मला या दुसऱ्या प्रकाराकडे झुकणारं दिसतं. ती रक्ततपासणी याचा शोध लावूच शकत नाही. तुम्ही एका प्रश्नाचं उत्तर भलत्याच ठिकाणी शोधलंत आणि त्यापायी इतके दिवस उपाशी राहिलात, याचं मला फार वाईट वाटतं. शेंगदाण्याची चटणी आणि मसूर सोडून सेलूच्या घरात बाईने खायचं तरी काय?

एखाद्या पदार्थाने पूर्वी कधी लगेच ओठ सुजले असतील, धाप लागली असेल, तर तेवढा पदार्थ डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका. बाकीचे परत सुरू करा. मनाची धास्ती जायला वेळ लागेल, म्हणून तीन-चार दिवसांनी एकेक वाढवा. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, किडनी आणि लिव्हर एवढ्या साध्या तपासण्या करून घ्या. रक्तात लोह कमी पडलं तरी खाज येते, आणि ९ किलो उतरलेल्या बाईच्या बाबतीत ती शंका घ्यायलाच हवी.

सावकाश येणाऱ्या अॅलर्जीत माणूस फसतो तो इथेच. मंगळवारी सकाळी पापणी सुजली की आपण सोमवारी रात्री काय खाल्लं ते आठवतो. खरा गुन्हेगार रविवारी, कधी शनिवारी येऊन गेलेला असतो. तुमच्या भिंतीवर कॅलेंडर असेलच, दुधाचा हिशोब आणि सिलिंडरची तारीख लिहायला. त्याच चौकटीत रोज रात्री शून्य ते दहा असा एक आकडा लिहा, आजची खाज किती ते. आणि एक शब्द, आज नेहमीपेक्षा वेगळं काय केलं त्याचा: शेतात गेले, केस रंगवले, मैदान साफ केलं, नवी साडी. आकडा चढला की परवाच्या आणि तेरवाच्या चौकटीत बघा. सहा आठवडे एवढंच करा. माझ्याकडे येणाऱ्या बायांच्या फायलींमध्ये हजारो रुपयांचे रिपोर्ट असतात, पण असं एक पान क्वचितच असतं, आणि मला तेच पान सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

दुसरी गोष्ट, कुठे उठतं ते. आरशासमोर उभं राहून नीट बघा. उन्हाची अॅलर्जी असेल तर ऊन जिथे पडतं तिथे उठतं: कपाळ, नाक, गालाची उंच बाजू, हाताची बाहेरची बाजू. ज्या जागा सावलीत राहतात, म्हणजे वरच्या पापणीची घडी, हनुवटीच्या खाली, कानाच्या मागे, त्या बहुधा वाचतात. तुमच्या बाबतीत नेमकी पापणीपासून सुरुवात आहे, मग मानेची घडी, मग कोपराची आतली बाजू. ऊन घडीत शिरत नाही. धूळ मात्र शिरते आणि घामाबरोबर तिथेच बसून राहते. हवेतून येऊन कातडीवर बसणाऱ्या गोष्टीची खूण अशीच असते. हनुवटीखाली आणि कानामागे काय दिसतं ते तुम्ही लिहिलं नाही. आज बघा, आणि त्रास भरात असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दवाखान्यात जायच्या दिवशी अंग नेमकं साफ असतं.

आता माझ्या मनात कोण आहे ते सांगते. गाजर गवत. काही जण त्याला काँग्रेस गवत म्हणतात. गाजराच्या पाल्यासारखी पानं, वर पांढरी बारीक फुलं. पाऊस पडला की रस्त्याच्या कडेला, बांधावर, शाळेच्या कुंपणालगत उगवतं आणि पोळा-गणपतीपर्यंत कमरेला लागतं. त्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. पानांवरच्या बारीक लवेत ते भरपूर असतं आणि वाळलेल्या पानांचा चुरा झाला तरी त्याचा गुण जात नाही. दसऱ्याच्या सुमाराला आपल्याकडे सोयाबीनची मळणी चालू असते. रानातलं गवतही मळणी यंत्रातून भुसा होऊन उडतं आणि तुम्ही बहुतेक त्याच रस्त्याने गाडीवरून शाळेला जात असाल.

दसऱ्याचं दुसरंही कारण असू शकतं. झेंडू, शेवंती, सूर्यफूल ही सगळी गाजर गवताच्याच कुळातली. एकाची अॅलर्जी असलेल्या माणसाला दुसऱ्याचीही होऊ शकते. दारावरचं तोरण तुमच्याच घरी तुम्हीच ओवत असाल ना? घरच्यांनी दरवर्षी नवरात्रातल्या उपासाच्या शेंगदाण्यांना दोष दिला असेल. यंदा फुलं दुसऱ्या कुणाला ओवू द्या आणि काय होतं ते कॅलेंडरवर लिहा.

तुम्ही म्हणाल, पुण्यात काय हे गवत नाही? आहे. भारतात ते पहिल्यांदा नजरेत भरलं ते १९५०च्या दशकात पुण्यातच. पण सुट्टीत बहिणीकडे तुम्ही बहुतेक घरातच होतात. गाडी नाही, मैदान नाही, बांध नाही. सोबत पाणी वेगळं होतं, कपड्याचा साबण वेगळा होता, खडूची धूळ नव्हती, झोपही कदाचित जास्त मिळाली. म्हणून पुण्याच्या पंधरा दिवसांवरून गवतावर शिक्का मारायचा नाही, फक्त कारण सेलूतल्या तुमच्या रोजच्या वावरात किंवा वापरात असावं एवढं धरायचं.

आणि इतकी वर्षं याच रस्त्याने जाते, मग आत्ताच का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. कातडी हळूहळू शिकते. दहा-पंधरा वर्षं एखादी वस्तू रोज अंगाला लागत राहते, काही होत नाही, आणि एके दिवशी शरीर तिला शत्रू ठरवतं. त्यानंतर ते सहसा विसरत नाही. तुमचा बिब्बा हेच उदाहरण आहे. बिब्ब्याचं तेल मुळातच जहाल, ते नुसतंही भाजतं. पण ज्याला एकदा उतला त्याला पुढे थोडासा लागला तरी जास्त उतू शकतो. बिब्बा, काजू आणि आंबा हे एका कुळातले, म्हणून अशा माणसाला आंब्याच्या चिकानेही ओठाभोवती उठू शकतं. गाजर गवताचं कूळ मात्र वेगळं. बिब्ब्यामुळे आजचा त्रास झाला असं मी म्हणणार नाही. पण टाचेला पुन्हा बिब्बा घालू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

संशयित एकटं गवत नाही. पापणीची कातडी सगळ्या अंगात पातळ असते, त्यामुळे हाताला किंवा केसांना लावलेली वस्तू तिथे बोलते. नेलपॉलिश नखाला लागतं आणि पापणी सुजते, हे मी अनेकदा पाहिलंय. केसांचा काळा रंग आणि बाजारात मिळणारी काळी मेंदी यांत पीपीडी नावाचं रसायन असतं, ते फार जणांना बाधतं. मालक केस रंगवत असतील तर तेही लिहा. उशी एकच असते. टिकलीचा गोंद, खोट्या दागिन्यातलं निकेल, सुगंधी क्रीम हे सगळं तपासायचं आहे. एखाद्या क्रीमची शंका असेल तर दंडाच्या आतल्या बाजूला, अंग साफ असेल तिथे, रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा आठवडाभर लावून बघा. केसांचा रंग, बिब्बा आणि गवत यांच्यावर मात्र हा प्रयोग घरी मुळीच करू नका.

त्या ट्यूबबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. आत्ता ती हातात घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. बऱ्याच ट्यूबमध्ये त्यासोबत बुरशीचं आणि जंतूंचंही औषध कालवलेलं असतं. लावलं की लाली बसते, म्हणून विश्वास बसतो. महिनोन् महिने चेहऱ्याला लावलं की कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, ऊन सहन होत नाही, आणि ट्यूब बंद केली की चेहरा पेटल्यासारखा होतो. मग माणूस पुन्हा तीच लावतो. तुमची उन्हाने होणारी आग या ट्यूबचीही असू शकते! डोळ्याभोवती दीर्घकाळ लावल्यास डोळ्यातला दाब वाढण्याचा आणि मोतीबिंदूचा धोका असतो. २०१८ मध्ये सरकारने अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांत घातली, तरी ती हातोहात मिळतात हे तुम्हीही पाहताय. एकदम फेकून देऊ नका, कारण त्यानंतरची आग तुम्हाला एकटीला झेपणार नाही. त्वचारोगतज्ज्ञांना सांगून, त्यांच्या देखरेखीखाली सोडा. चेहऱ्यासाठी स्टेरॉइड नसलेली औषधं आहेत. गवताचा त्रास फारच हट्टी असला तर पोटात घ्यायची औषधंही आहेत, पण ती वरचेवर रक्त तपासतच घ्यावी लागतात.

कारण शोधायची खरी तपासणी म्हणजे पॅच टेस्ट. पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांतून वेगवेगळी द्रव्यं चिकटवतात. भारतात वापरल्या जाणाऱ्या संचात गाजर गवतही असतं. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. ४८ तासांनी चकत्या काढून बघतात आणि ९६ तासांच्या सुमारास पुन्हा एकदा. हे दुसरं बघणं महत्त्वाचं, बरीच उत्तरं तेव्हाच उमटतात. म्हणून चार दिवसांची सोय करूनच जा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ती पट्टी घामाने टिकत नाही, थंडीत करा. पाठीवर पुरळ असताना किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना करून उपयोग नाही. खाजेच्या साध्या गोळ्यांनी पॅच टेस्टचं फारसं बिघडत नाही. सेलूहून रेल्वेने संभाजीनगरही गाठता येतं आणि नांदेडही. घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. किट सगळीकडे कायम असेलच असं नाही, तेव्हा आधी चौकशी करून मगच रजा टाका. आणि उत्तर आलं तरी ते तुमच्या कॅलेंडरशी जुळतंय का ते डॉक्टरांसोबत बसून बघा. पाठीवर निकेल उमटलं आणि तुम्ही खोटे दागिने घालतच नसाल तर ते तुमच्या पापणीचं कारण नव्हे.

तोवर काय करायचं? बोअरचं पाणी जड असलं की साबणाला फेस येत नाही, आपण आणखी साबण घासतो, आणि त्याचा थर अंगावर राहून कातडी कोरडी पडते. साबण फक्त काखेत, जांघेत आणि पायांना लावा, बाकी अंगाला नुसतं कोमट पाणी. अंग टिपलं की ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधी पेट्रोलियम जेली चोळा. शाळेतून आल्यावर आधी तोंड, मान, हात धुवा आणि साडी बदला. उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागत असेल तर ओल्या फडक्याने पुसलं तरी चालेल. गाडीवर बांधायचा स्कार्फ रोजचा रोज धुवा. तो डिकीत कोंबून आठवडाभर वापरला तर तीच धूळ तुम्ही रोज तोंडाला बांधताय. कपडे गवत वाढलेल्या कुंपणावर वाळत घालू नका. कडुलिंबाचा पाला, हळद, लसूण, लिंबू काहीही चोळू नका. हळदीचीही अॅलर्जी होते, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजते.

शाळेबद्दल एक विनंती. ऑगस्टमध्ये १६ ते २२ तारखेला गाजर गवत निर्मूलनाचा सप्ताह असतो, तेव्हा पोरांकडून मैदानातलं गवत उपटून घेतात. उघड्या हातांनी. ते थांबवा. गवत फुलावर येण्याआधी, मोठ्या माणसांनी, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून काढावं. वाळलेलं जाळू नये. तुम्ही स्वतः तर त्याच्या जवळही जाऊ नका. मेक्सिकोतून १९८०च्या दशकात आपल्याकडे आणलेले भुंगे हे गवत खातात. त्यांची माहिती परभणीच्या कृषी विद्यापीठात विचारायला तुमच्या मुख्याध्यापकांना सांगा. तुमच्यासारखी कातडी त्या वर्गातल्या एखाद्या मुलाचीही शिकत असेल.

मालकांना माझा निरोप द्या. काळजीने खाज वाढते हे खरं, झोप मोडली की आणखी वाढते. पण पापण्या काळजीने सुजून बंद होत नाहीत. चार दिवस दवाखान्यात तुमच्यासोबत बसले तर त्यांना पाठीवर उमटलेलं डोळ्यांनी दिसेल.

असंही होऊ शकतं की पॅच टेस्ट कोरी येईल. मी अशा बाया पाहिल्यात. त्यांची कातडी मुळातच नाजूक असते, एकच गुन्हेगार नसतो, ऊन, घाम, साबण, धूळ मिळून त्रास देतात. त्यांना नाव मिळालं नाही, पण ट्यूब सुटली, जेवण परत आलं, रात्रीची झोप लागली. तुम्हालाही हे मिळायला कारण सापडायची वाट बघावी लागू नये.

एवढ्यात कधी जीभ किंवा ओठ सुजले, श्वास अडला, नवीन गोळीनंतर तोंडात फोड आले, किंवा अंगभर लाली येऊन ताप चढला तर माझ्या उत्तराची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

जाताना पिशवीत ती ट्यूब, रक्ताचा रिपोर्ट, मोबाइलवरचे फोटो, न धुतलेला एक स्कार्फ, वापरातल्या सगळ्या क्रीमची खोकी आणि कॅलेंडरची दोन पानं घ्या. डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घ्या. ९६ तासांनी पाठीवर काय दिसलं ते मला लिहून कळवा, मी वाट बघते.